बाप कोण, आणि बिल कोणाचं?

'ॲफिलिएशन' हा शब्द आपल्याला साधारण दोन ठिकाणी भेटतो. एक कॉलेजच्या पाटीवर: अमुक विद्यापीठाशी संलग्न. दुसरा इंटरनेटवर, जिथे तुमच्या लिंकवरून कोणी पुस्तक विकत घेतलं की चार पैसे तुमच्या खात्यात पडतात त्या योजनेत. दोन्हीकडे भाव एकच. मोठ्याने धाकट्याला 'हा आपला' म्हटलं.

या शब्दाच्या पोटात लॅटिन 'फिलियस' आहे, म्हणजे मुलगा. ॲफिलिएट करणं म्हणजे मुळात पुत्र म्हणून पदरात घेणं. इथवर सगळं कसं प्रेमळ आहे. पण इंग्लंडच्या कायद्यात हाच शब्द (जुन्या कागदांत नुसता 'फिलिएशन') एका अगदी कोरड्या कामाला जुंपलेला होता. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाचं पितृत्व एका पुरुषाच्या नावावर चढवायचं आणि त्याच्याकडून दर आठवड्याला पैसे वसूल करायचे, या प्रक्रियेचं नाव ॲफिलिएशन. तसा हुकूम म्हणजे ॲफिलिएशन ऑर्डर. इंग्लंडच्या कायद्यातून हा प्रकार गेला तो थेट १९८७ साली, म्हणजे फार जुनी गोष्ट नाही.

मी वाचायला घेतलं ते केवळ व्युत्पत्तीपायी, आणि मग अडकलोच. कारण या चारशे वर्षांत 'बाप कोण?' हा प्रश्न सारखा विचारला जातो, पण विचारणाऱ्याला खरा रस असतो दुसऱ्याच प्रश्नात: बिल कोणाच्या नावावर फाडायचं?

सुरुवात अशी की इंग्लंडच्या जुन्या कायद्यात लग्नाबाहेरच्या मुलाला बापच नसायचा. त्याच्यासाठी शब्द होता 'फिलियस नलियस', म्हणजे कोणाचाच मुलगा नाही. (प्रोग्रामर लोकांनी तो 'नल' ओळखला असेलच.) वारसाहक्क नाही, घराण्याचं नाव नाही. आईबापांनी नंतर एकमेकांशी लग्न केलं तरी मूल औरस होत नसे. चर्चला ते मान्य होतं, पण तेराव्या शतकात मर्टन इथे सरदारांनी ठणकावून सांगितलं की आम्ही आमचे कायदे बदलणार नाही. ते बदलले १९२६ साली! आपल्याकडे छांदोग्य उपनिषदातली जाबालेची गोष्ट आठवा. आई सांगते, तुझं गोत्र मला माहीत नाही, मी जाबाला, तू सत्यकाम, तर सत्यकाम जाबाल म्हणून सांग. आणि गुरू त्याला खरं बोलला म्हणून शिष्य करून घेतो. (समाज प्रत्यक्षात एवढा उदार होता असं मला म्हणायचं नाही. गोष्ट सांगावीशी वाटली, एवढं तरी खरं.)

आता 'कोणाचाच नाही' असं मूल जन्मलं आणि आई गरीब असली तर त्याला पोसायचं कोणी? इथे येतं पॅरिश. पॅरिश म्हणजे एका चर्चभोवतीचा गाव आणि परिसर. ट्यूडर काळापासून गरिबांना सांभाळण्याची जबाबदारी पॅरिशवर होती आणि खर्च तिथल्याच घरजमीनवाल्यांच्या करातून निघायचा. म्हणजे शेजारणीला दिवस गेले की बाकीच्यांच्या खिशाला खार. १५७६ साली पहिल्या एलिझाबेथच्या संसदेने कायदा केला: असं मूल पॅरिशच्या गळ्यात पडणार असेल तर दोन स्थानिक दंडाधिकाऱ्यांनी चौकशी करून आई आणि 'समजला जाणारा बाप', दोघांवर दर आठवड्याची रक्कम लावावी. नाही दिली तर तुरुंग.

'समजला जाणारा बाप' हा शब्दप्रयोग मला फार बोलका वाटतो. कायदा इथे खरं काय ते सांगायचा दावाच करत नाही. लोक ज्याला बाप समजतात तो चालेल. मुलाला यातून ना नाव मिळायचं ना वारसा. वारशापुरता तो अजूनही 'कोणाचाच नाही', आणि खर्चापुरता अमक्याचा. एकाच रेकॉर्डला दोन टेबलांत दोन वेगळ्या व्हॅल्यू, आणि कोणाला त्याचं काहीच वाटत नाही.

पण 'समजायचं' कसं? साक्षीदार एकच, ती बाई. मग तिच्याकडून नाव काढून घ्यायची जी पद्धत होती ती वाचून मी सुन्न झालो. बिशपकडून परवाना घेणाऱ्या सुइणींना शपथ घ्यावी लागे. १५६७ मधली अशी एक शपथ उपलब्ध आहे. तिच्यात इतर गोष्टींबरोबर हेही आहे की कळा देणाऱ्या बाईला खऱ्या बापाऐवजी भलत्याच माणसाचं नाव घेऊ देणार नाही. प्रत्यक्षात याचा अर्थ असा की अविवाहित बाई ऐन कळांमध्ये असताना सुईण तिला विचारणार, बोल, कोणाचं? समजूत अशी की मरणाच्या दारात माणूस खोटं बोलत नाही. काही ठिकाणी नाव सांगेपर्यंत मदत करणार नाही अशी धमकीही दिली जायची. मग तीच सुईण दंडाधिकाऱ्यांसमोर साक्ष द्यायची. बाळंतपणाची खोली म्हणजे कोर्टाचा पहिला मजला!

शिक्षेची विभागणीही बघण्यासारखी. १६१० च्या कायद्याने असं मूल पॅरिशवर लादणाऱ्या बाईला वर्षभर सुधारगृहात डांबता येत असे. १६२४ चा कायदा तर त्याहून भयंकर: अविवाहित आईने बाळाचा मृत्यू लपवला तर तिने खून केला असंच गृहीत धरायचं, बाळ मेलेलंच जन्मलं होतं हे तिने सिद्ध करायचं. हा कायदा रद्द झाला १८०३ मध्ये. बापाच्या वाट्याला काय? आठवड्याचा हप्ता.

पॅरिशला अजून एक चिंता असायची. असं मूल जिथे जन्मेल तिथलं रहिवासी धरलं जाई. त्यामुळे बाहेरची गरोदर बाई गावात दिसली की अधिकारी तिला घाईघाईने हद्दीपार पाठवायचे. दिवस भरलेल्या बाईला ढकलत ढकलत शेजारच्या पॅरिशात. आपल्याकडे ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी नकोसं टिकेट दुसऱ्या टीमच्या नावावर टाकतात, अगदी त्याच चलाखीने. फक्त इथे टिकेटला जीव होता, दोन जीव होते.

१७३३ मध्ये पुरुषांची पाळी आली. बाईने शपथेवर नाव घेतलं की त्या माणसाला पकडायचं. त्याने पॅरिशच्या खर्चाची हमी द्यावी किंवा कोर्टात हजर राहण्याचा जामीन द्यावा, नाहीतर तुरुंगात बसावं. लग्न केलं तर सुटका. पॅरिशच्या दृष्टीने लग्न सगळ्यात स्वस्त, त्यातून नवरा दुसऱ्या पॅरिशचा असला तर सोन्याहून पिवळं, कारण बायको नवऱ्याच्या गावची होऊन जाते. मग अधिकारी स्वतःच लग्नाचा खर्च करून जोडपी लावू लागले.

नॉर्फकमधल्या जेम्स वुडफर्ड या पाद्र्याने अनेक वर्षं रोजनिशी लिहिली. बरीचशी नोंद काय जेवलो, किती खर्च झाला अशी. जानेवारी १७८७ मध्ये त्याने असं एक लग्न लावलं. नवरा मुलगा कोठडीतून आणलेला, नवरी गरोदर. चर्चच्या आवारात तो बराच वेळ तयारच होईना, मग वेदीपाशी वागलाही वाईट. कायद्याने कोणाला लग्न करायला भाग पाडावं ही क्रूर गोष्ट आहे असं वुडफर्ड लिहितो आणि पुढे लग्न लावल्याबद्दल अधिकाऱ्यांकडून साडेदहा शिलिंग मिळाल्याचंही नोंदवतो. त्या मुलीचं पुढे काय झालं असेल हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. पॅरिशच्या वहीत मात्र खातं बंद झालं, शिल्लक शून्य.

या व्यवस्थेवर १८३० च्या दशकात हल्ला झाला, पण तो बाईच्या बाजूने नव्हता. गरिबांविषयीच्या कायद्याचा विचार करायला जो आयोग बसला त्यात नासाऊ सीनियर आणि एडविन चॅडविक ही मंडळी होती. त्यांचं म्हणणं असं की बाईच्या एका शपथेवर निर्दोष पुरुष अडकतात, आणि भत्ता मिळतो म्हणून मुली बिघडतात. यातला पहिला मुद्दा अगदीच खोटा म्हणता येणार नाही. एकाच साक्षीवर माणूस तुरुंगात जात होताच. पण औषध काय काढलं? १८३४ च्या कायद्याने मूल सोळा वर्षांचं होईपर्यंत जबाबदारी आईची. बापाकडे मागणी करायचीच तर ती आईने नव्हे, पॅरिशने करायची, वरच्या कोर्टात, आणि आईच्या शब्दाला दुसऱ्या कोणाचा तरी ठोस दुजोरा हवा. पैसे मिळालेच तर ते पॅरिशच्या खर्चापोटी, मूल सात वर्षांचं होईपर्यंतच. आईच्या हातात एक पेनीही नाही. म्हणजे गावातल्या पुरुषांना पूर्ण मोकळं रान.

डिकन्सची 'ऑलिव्हर ट्विस्ट' यायला सुरुवात झाली १८३७ मध्ये, ती याच कायद्याच्या सावलीत. त्यात ऑलिव्हरच्या बापाचा पत्ता लावणाऱ्याला पॅरिशने आधी दहा आणि मग वीस पौंडांचं बक्षीस लावलेलं असतं. शाळेत वाचताना हे प्रेमाने केलंय असं वाटू शकतं. तसं नाही, ही वसुली आहे. आणि 'ट्विस्ट' हे आडनाव कसं मिळालं? अनाथांना वर्णमालेच्या क्रमाने आडनावं द्यायची, आधीच्याला 'एस' मिळालं म्हणून याला 'टी'. ऑटो-इन्क्रिमेंट हो, दुसरं काय!

लोकांना हा कायदा पटला नाही. एक्झेटरचे बिशप फिलपॉट्स यांनी लॉर्ड्सच्या सभागृहात विरोध केला. वेल्समध्ये १८३९ ते १८४३ दरम्यान शेतकरी बायकांचे कपडे घालून रात्री टोलनाके फोडत होते, ते 'रिबेका'चे दंगे. (टोलनाका फोडणं ही काही फक्त आपली परंपरा नाही.) राग मुख्यतः टोलचा, पण नंतर चौकशी आयोगापुढे ज्या तक्रारी आल्या त्यांत अविवाहित आयांवरच्या या कलमांविषयीची तक्रारही होती.

१८४४ मध्ये संसदेने माघार घेतली आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट केली: अर्ज करायचा हक्क पॅरिशकडून काढून आईला दिला. आता ती स्वतः, स्वतःसाठी, स्थानिक कोर्टात जाऊ शकत होती. दुजोऱ्याची अट राहिलीच. पत्र, दिलेले पैसे, दोघांना एकत्र पाहिलेला कोणी शेजारी, असं काहीतरी. रक्कम जास्तीत जास्त आठवड्याला अडीच शिलिंग. १८७२ मध्ये ती पाच शिलिंग झाली आणि त्या पाचावर १९१८ पर्यंत तशीच राहिली. शेहेचाळीस वर्षं इन्क्रिमेंट नाही.

अडीच शिलिंगात मूल वाढत नव्हतं. मोलकरणीला मूल घेऊन नोकरी कोणी देत नव्हतं. मग वर्तमानपत्रांतल्या जाहिराती वाचून बाळ एकरकमी पैशांवर 'सांभाळायला' द्यायचं, आणि सांभाळणारी बाई ते अफू पाजून उपाशी मारायची, हा धंदाच सुरू झाला. यापैकी मार्गारेट वॉटर्स हिला १८७० मध्ये लंडनला फाशी झाली. १८७२ मध्ये अर्भकांच्या संरक्षणाचा कायदा आला, तो अशाच प्रकरणांनंतर. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते १८६३ मध्ये, म्हणजे आधीच. इथे बाई विधवा होती आणि भीती पॅरिशच्या कराची नसून सोवळ्या समाजाची होती, पण मरणारं बाळ तेच. फुल्यांनी बापाच्या मागे न लागता बाईला सांगितलं, इथे ये, गुपचूप बाळंत हो, मूल ने किंवा ठेवून जा. काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तोच यशवंत. शब्दाचा मूळ अर्थ घेतला तर खरं ॲफिलिएशन हे.

असो. विज्ञानाकडे वळू, कारण खरी गंमत (आणि शोकांतिकाही) तिथे आहे. लँडस्टायनरने १९०१ मध्ये रक्तगट जाहीर केले. ते आईबापांकडून ठरावीक नियमाने येतात हे पुढच्या दहाएक वर्षांत कळलं. यातून 'हा बाप नाही' एवढं नक्की सांगता येतं, 'हाच बाप' हे मात्र नाही. पण कोर्टाला हवं होतं का ते? अमेरिकेतला खटला बघा, प्रतिवादी साक्षात चार्ली चॅप्लिन. आईचा रक्तगट ए, मुलीचा बी, चॅप्लिनचा ओ. दहावीतली मुलंसुद्धा सांगतील की हे जमत नाही. तरी १९४५ मध्ये ज्यूरीने चॅप्लिनलाच बाप ठरवलं आणि आठवड्याला ७५ डॉलर लावले. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तेव्हा रक्ततपासणी निर्णायक नव्हती. वाचताना चीड येते, पण एलिझाबेथच्या काळापासून पाहिलं तर हा निकाल अगदी परंपरेला धरून आहे. समजला जाणारा बाप, आणि खिशात पैसा असलेला.

मग सप्टेंबर १९८४ मध्ये लेस्टरला ॲलेक जेफ्रीज यांना डीएनए फिंगरप्रिंटिंग सापडलं. आता 'हाच' हेही सांगता येऊ लागलं. आणि तीनच वर्षांत इंग्लंडने ॲफिलिएशनची कार्यवाही मोडीत काढली, औरस-अनौरस हा भेदच शक्य तितका पुसायचा म्हणून. चारशे वर्षं ज्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं त्याचं उत्तर मिळालं आणि जवळजवळ त्याच वेळी तो खास खटला बंद झाला.

आपल्याकडे या सगळ्याची एक फांदी अजून हिरवी आहे. १८७२ मध्ये, म्हणजे इंग्लंडमध्ये पाच शिलिंग ठरले त्याच वर्षी, जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी आपला पुरावा कायदा लिहिला. त्याचं कलम ११२: वैध लग्न चालू असताना, किंवा ते संपल्यापासून २८० दिवसांत (आईने पुन्हा लग्न केलं नसेल तर), जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच. पुरावा संपला. अपवाद एकच, त्या काळात नवराबायकोला एकमेकांचा 'ॲक्सेस' नव्हता हे सिद्ध करणं. (शब्द खरोखर ॲक्सेसच आहे.) जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात हेच कलम ११६ या नंबरने चालू आहे. आणि मुलाचा, औरस असो वा अनौरस, पोटगीचा हक्क फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात बसवलेला होता, आधी कलम ४८८, मग १२५, आता १४४. दिवाणी हक्क फौजदारी संहितेत का? तर स्टीफन यांच्याच मते तो भटकेगिरी टाळण्याचा उपाय. पॅरिशचा वास आला ना? कलम १२५ मध्ये पोटगीला महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, ती २००१ मध्ये उठली.

डीएनए आल्यावर हे कलम ११२ अडचणीत आलं. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, उठसूट रक्ततपासणीचे आदेश देऊ नका. २०१४ मध्ये नागपूरच्या फॉरेन्सिक लॅबचा अहवाल असलेल्या एका प्रकरणात तेच न्यायालय म्हणालं, गृहीतक आणि विज्ञान यांची टक्कर झाली तर विज्ञान जिंकेल. नवऱ्याची मुलीच्या पोटगीतून सुटका झाली. दिलेले पैसे परत घ्यायचे नाहीत, एवढं न्यायालयाने बजावलं. इंजिनियर म्हणून मला हा निकाल पटायला हवा, डेटा आहे ना हातात. पण मला तो पुरता पचत नाही. लॅबने फक्त 'हा नाही' सांगितलं, 'मग कोण' ते कोणी विचारलंच नाही. १५७६ च्या दंडाधिकाऱ्याने निदान पुढचं दार ठोठावलं असतं, स्वार्थापोटी का होईना. इथे त्या मुलीकडे आधी एक कायदेशीर बाप होता आणि निकालानंतर शून्य.

२०२३ मध्ये पुण्याच्या फॅमिली कोर्टातून निघालेल्या प्रकरणात सूर बदलला. बायकोचा व्यभिचार सिद्ध करायला मुलाचा डीएनए हे हत्यार म्हणून वापरता येणार नाही, मूल त्या भांडणातला पक्षकार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. नारायणदत्त तिवारींचं प्रकरण याच्या बरोबर उलटं. तिथे मुलगाच मोठा होऊन कोर्टात गेला, पैशांसाठी नव्हे तर मान्यतेसाठी, आणि २०१२ मध्ये डीएनए अहवालाने तो खरा ठरला. मागायला आलेला मुलगा आणि न विचारता सुई टोचलेलं मूल, यांच्यात न्यायालयांनी फरक करावा हे मला योग्य वाटतं.

२०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अविवाहित आईला मुलाच्या बापाचं नाव न सांगता पालक व्हायची मुभा दिली. तिच्या प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला द्यायला सांगितलं. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टच्या अर्जात आई किंवा बाप, एकाचंच नाव पुरतं. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर क्रम असा: मुलाचं नाव, आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. यातला प्रत्येक बदल शेवटी कोणीतरी स्क्रीनसमोर बसून केलाय. 'वडिलांचे नाव' या रकान्यापुढची लाल चांदणी काढली आणि तो रकाना रिकामा सोडला तरी फॉर्म पुढे जायला लागला.